सायन्ना काय म्हणाला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. थांबा, हसू नका! ‘चालू’चा किस्सा तुम्ही माझ्या तोंडून चार लग्नांत ऐकलाय, पोट धरून हसलाय, ठाऊक आहे मला. पण त्यातला अर्धा मी दरवेळी गिळला — तो आज सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी नुकताच जॉबर झालो होतो, म्हणजे मागांवरचा मुकादम. काय ती ऐट! सायन्ना विणकर, तेलुगू घरचा, वयानं माझ्या वडिलांएवढा. तो मला ‘सायेब’ म्हणायचा आणि मी त्याला ‘ए सायन्ना’. मालकांसमोर त्याची जीभ जड व्हायची. मग त्याची रजा, त्याची गाऱ्हाणी — सगळं त्याच्या वतीनं मीच बोलायचो.

एका दुपारी त्याच्या मागात आडवा धागा नेणारा धोटा अडकला. माग बंद केला. सायन्नानं हात आत घातला, मी बाहेरून चाक हातानं थोडं थोडं फिरवू लागलो. तोंड मात्र मागं — शेजारच्यांना मालकांच्या चालण्याची नक्कल करून दाखवत होतो. असा हशा पिकला! तेवढ्यात सायन्ना ओरडला, “चालु!”

मी खटका ओढला. माग सुरू झाला.

त्याची दोन बोटं गेली.

ज्याची चूक त्यानं घरी बसायचं, हा मालकांचा कायदा. मी म्हणालो, “मालक, हाच ‘चालू’ म्हणाला.” खोटं होतं का ते?

पट्टी बांधलेल्या सायन्नाला मालकांनी विचारलं. “व्हय मालक, चालुच म्हनलो की,” तो म्हणाला — आणि माझ्याकडं वळला. आता सायेब पुढचं सांगतील म्हणून.

पुढचं काय होतं? एवढंच, की तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’. मला माहीत नव्हतं? अहो, तो शब्द मी त्याच्याच घरी जेवताना शिकलो! ‘चालु’ म्हटल्याशिवाय त्याची बायको भात वाढायची थांबायची नाही.

मालक वाट पाहत होते, सायन्ना वाट पाहत होता. मी — एवढा बोलका माणूस — गप्प उभा राहिलो.

त्याचं काम गेलं. भिवंडीला निघायच्या आधी तो मला कारखान्याच्या फाटकापाशी भेटला.

“सायेब, एक इचारू? मालकापुढं तुमाला त्यो शब्द आठवला न्हाय, व्हय ना? घाबरला हुता तुमी बी.”

“व्हय, सायन्ना,” मी म्हणालो. “नाही आठवला.”

त्याचा चेहरा असा उजळला! “मी घरात त्येच सांगितलं,” तो म्हणाला. “बायको ऐकंना. सायेब मुद्दाम गप बसायचे न्हाईत, म्हनलं.”

आणि मी त्याला तसंच जाऊ दिलं.