हेराचा डावा पाय

आमच्या स्टुडिओतल्या मावशींचा डावा गुडघा तीन वर्षांपासून नीट वाकत नाही, आणि त्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर एका नटानं परदेशात बक्षीस मिळवलं. हे मी रागानं सांगतोय. राग आवरून सांगण्यासारखी ही गोष्टच नाही.

आधी मावशींचं काम सांगतो, कारण ते ऐकलं की लोक हसतात. सिनेमात माणूस चालताना जो आवाज येतो, तो बहुतेकदा त्या माणसाचा नसतोच. शूटिंगच्या वेळी नटांच्या बुटांना खालून फेल्टचं जाड लोकरी कापड चिकटवतात, म्हणजे संवादात टाचांची टकटक येत नाही. मग नंतर, तळघरातल्या एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत दुसरंच कुणीतरी त्या नटाची पावलं चालतं. आमच्याकडे ते दुसरं कुणीतरी म्हणजे मावशी. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे आहेत. एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, बाकीच्यांत खडी नि वाळू. भिंतीशी कपाटात चाळीसेक जोड बूट आणि चपला. मावशी साठीच्या, काटकुळ्या. पण पडद्यावर सहा फुटी पैलवान जिना चढत असला की तुम्ही डोळे मिटून ऐका, पैलवानच चढत असतो. कुणाची मान मोडायची असली की त्या माइकसमोर गाजर मोडतात, आणि मग ते चहाबरोबर खाऊन टाकतात.

मी काचेपलीकडे बसून ते रेकॉर्ड करतो. नऊ वर्षं झाली. आमच्याकडची पद्धत अशी, की ज्यानं आवाज केला त्याचं नाव ट्रॅकवर टाकायचं. त्याप्रमाणे मी टाकतो: 'मावशी, लाकूड', 'मावशी, खडी'.

दीड वर्षापूर्वी एक दिग्दर्शक हेरगिरीचा सिनेमा घेऊन आला. पाठीशी ना मोठी कंपनी, ना नावाजलेले नट. गोष्ट मात्र नामी होती. एक हेर चेहरा बदलतो, कागदपत्रं बदलतो, बोलण्याची ढब बदलतो. जुन्या गोळीनं अधू झालेला डावा पाय तेवढा त्याला बदलता येत नाही. तो ज्या इमारतीत लपतो, तिथं एक आंधळी म्हातारी राहते. वीस वर्षांपूर्वी तिच्या मुलाला घरातून घेऊन गेलेला माणूस हाच. शेवटच्या वाक्याआधी अकरा मिनिटं कुणी चकार शब्द बोलत नाही. लांबलचक व्हरांडा, हेराची पावलं, आणि दाराआड कान देऊन बसलेली म्हातारी.

म्हणजे सिनेमाचा सगळा भार पावलांवर. मावशींनी कपाटातून नऊ नंबरचे पुरुषी बूट काढले आणि डाव्या टाचेचा एक खिळा सैल केला. लंगडण्याचं सोंग त्यांना करावं लागलं नाही. एकेक तुकडा संपला की त्या खुर्ची धरून उभ्या राहायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं आणि त्यानंतर हे काम बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा हा त्यांचा शेवटचा सिनेमा. एकतीस वर्षांत एकाही सिनेमाच्या नामावलीत त्यांचं नाव आलेलं नाही. पूर्वी तशी पद्धतच नव्हती, आणि पुढे न घालायची सवय लागली. त्यांची दहा वर्षांची नात एकदा त्यांना म्हणाली होती, "आजी, तू खरंच सिनेमात काम करतेस का? मला तर तू कुठंच सापडली नाहीस." मावशींनी हे मला हसत हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं. दिग्दर्शकाकडे त्यांनी एवढंच मागितलं, की शेवटी नाव यावं. तो म्हणाला, यात काय विचारायचं.

पहिला महोत्सव समुद्राकाठच्या कुठल्याशा थंड गावात झाला. लोक म्हणे उभं राहून टाळ्या वाजवत होते. नटाला अभिनयाचं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, की या नटाच्या प्रत्येक पावलातून त्याचं पाप ऐकू येतं. फेल्ट लावलेल्या बुटातून ऐकू येतं म्हणे. नटानंही मुलाखतीत सांगून टाकलं, की लंगडण्याचा सराव सहा महिने केला आणि ते पाऊल आतून आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नामावली साडेचार मिनिटांची होती. तीत जेवणाचे डबे आणणारा होता, ज्याच्या गच्चीवर एक दिवस शूटिंग झालं तो होता, आणि 'विशेष आभार' या मथळ्याखाली दिग्दर्शकाचं मांजर होतं. मावशी नव्हत्या.

मी दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं, मावशींचं नाव घाला. तो म्हणाला, नजरचुकीनं राहिलं, पुढच्या महोत्सवाला नक्की. दुसरा महोत्सव झाला, तिसरा झाला. मी तीनदा फोन केला, तीनदा तेच वाक्य म्हणालो. तोंडाला पानं पुसण्याची त्याची हातोटी त्याच्या दिग्दर्शनापेक्षा सरस निघाली.

चौथ्या महोत्सवानं मात्र नव्वद मिनिटांची अट घातली. छोटी प्रत करायला दिग्दर्शकानं एक नवी संकलक बसवली. बाई शिस्तीची. ट्रॅकचा ढीग समोर पडलेला. त्यातले पक्के कोणते आणि कामचलाऊ कोणते? तिनं सरळ नामावली पुढ्यात घेतली, आणि ज्या ट्रॅकवरचं नाव नामावलीत नाही ते कामचलाऊ समजून काढून टाकले. घाईघाईत ती प्रत पुन्हा कुणी ऐकलीच नाही. मला तिला दोष देववत नाही. ज्या माणसाचा नामावलीत पत्ता नाही, त्याचा आवाज तरी खरा कशावरून?

तर चौथ्या महोत्सवात आमचा हेर व्हरांड्यातून भुतासारखा तरंगत गेला. भरलेल्या सभागृहात, कापाकापीतून उरलेली सात मिनिटं, शुकशुकाट. आणि मग दाराआडून म्हातारी म्हणाली, "ये. तुझं पाऊल मी कुठंही ओळखेन." लोक पोट धरधरून हसले. एका समीक्षकानं मात्र ती शांतता हा धाडसी प्रयोग असल्याचं लिहिलं.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं गरज परत आली आणि वैद्याची आठवण झाली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक तळघरात हजर. शेवटचा महोत्सव आमच्याच शहरात होता आणि तिथंही छोटीच प्रत दाखवायची होती. प्रसंग कापलेले, मागेपुढे केलेले. जुनी पावलं त्यांवर बसेनात. पुन्हा चालावं लागणार होतं. ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. मी मावशींना बाजूला घेऊन म्हटलं, सरळ नाही म्हणा, बसू दे त्याला बोंबलत.

"अरे, पण मग त्या म्हातारीनं त्याला ओळखायचं कशावरून?" मावशी म्हणाल्या. मग दिग्दर्शकाकडे वळून म्हणाल्या, "नाव घाला."

"घालतो मावशी, शपथ."

दोन दिवस त्या चालल्या. दुसऱ्या संध्याकाळी पाय इतका सुजला, की त्यांच्या चपला चढेनात. हेराचे मोठे बूट घालूनच त्या घरी गेल्या, आणि पुढेही तेच वापरत राहिल्या.

महोत्सवाचा खेळ ऑपरेशनच्या आधी, दुपारचा होता. सभागृह जुनं, लाकडी जमिनीचं. मावशी, नात आणि मी कडेच्या खुर्च्यांवर बसलो. सिनेमा रंगला, या वेळी कुणी हसलं नाही. नामावली सुरू झाली तशी नात बोट पुढे करून ओळ न् ओळ वाचू लागली. डबेवाला गेला, गच्चीवाला गेला. अगदी शेवटी 'विशेष आभार'. त्याखाली मांजर. मांजराखाली 'मावशी'.

बस, एवढंच. दिवे लागले.

"आजी, ही तू?" नातीनं विचारलं.

"कुणाची तरी मावशी आहे, बाळा," त्या म्हणाल्या.

मंचावर प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुणीतरी नटाला त्या चालीबद्दल विचारलं आणि त्यानं सहा महिन्यांचा सराव पुन्हा काढला. मावशी उठल्या. मी हात धरायला गेलो, तो त्यांनी झटकला. मधल्या वाटेनं त्या मंचाकडे निघाल्या. उजवी टाच टेकायची, मागून डावी ओढत यायची, खिळा लाकडावर खरवडायचा. चौथ्या पावलाला माना वळू लागल्या. तेच पाऊल सगळ्यांनी थोड्या वेळापूर्वी श्वास रोखून ऐकलं होतं. नट बोलता बोलता थांबला. मंचाच्या पाच पायऱ्या मावशी एकेक करून चढल्या आणि दिग्दर्शकाच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला.

"ही चाल माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि मला नाव आहे."

मग त्यांनी आपलं नाव सांगितलं, आडनावासकट. सावकाश, आणि पुन्हा एकदा, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

टाळ्या सुरू झाल्या. मी दिग्दर्शकाकडे बघून दातओठ खात होतो. तेवढ्यात नातीनं माझी बाही ओढली.

"काका, तुम्ही तर रोज आजीबरोबर असता. मग तुम्ही त्यांना तिचं नाव का नाही सांगितलं?"

नऊ वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ट्रॅकवर 'मावशी' मीच लिहिलं होतं, आणि तीनदा फोन करून मी जे घालायला सांगितलं होतं, नेमकं तेच त्यानं घातलं होतं.