अय्युबभाईचा हात आन मालकाचा फेटा

अय्युबभाईचं नाव काढलं की मला आधी मालकाचा राग येतो. काय करू? एकाचं सांगायचं तर दुसऱ्याचं सांगावंच लागतंय.

शहाण्णव साली बारामतीच्या एमआयडीसीत मालक नागेशरावांच्या शेडमधी आमी तिघं एका रांगंत हुतो. मी मानसिंग, ड्रिलवर. शेजारी जळोचीची सारजा, प्रेसवर. आन अय्युबभाई फिटर, अंथुर्ण्यावरनं यष्टीनं यायचा. लई तिखट माणूस. कामात घाई केली की पाना पुढं धरायचा, "घ्या, तुमीच करा" म्हणायचा.

आमचं काम किरकोळ. आज फवारणी पंपाच्या पट्ट्या, परवा दुधाच्या कॅनच्या कड्या. शंभर-दोनशे नग झालं की साचा बदलायचा. एवढ्याशा कामाला मोठं मशीन कोण घेतंय? म्हणून सारजा हातानं पत्रा प्रेसखाली ठेवायची आन पायानं पायडल दाबायची. हात काढायला जरा उशीर झाला की बोटं गेली. तिच्या आधी तितं नकोशी नावाची बाई बसायची. तिची तीन बोटं गेली. मालक केळी घेऊन दवाखान्यात जाऊन आला आन दुसऱ्या दिवशी त्याच स्टुलावर सारजाला बसवलं. मुडदा बसवला त्याच्या केळ्यांचा!

अय्युबभाईला ते सोसलं न्हाय. त्यानं भंगारातनं हवेवर चालणारी सिलिंडरं आणली, लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडली आन सगळं नटबोल्टनं जोडून एक हात उभा केला. त्यो पत्रा उचलायचा, प्रेसखाली ठेवायचा, मागं सरायचा. मगच प्रेस पडायची. काम बदललं की हात खोलायचा आन त्येच तुकडे निराळे जोडायचे. मोठ्या कंपनीतल्या रोबोला जलमभर एकच काम. ह्यो आज पट्टी धरायचा, उद्या कडी. वर्षभर सारजाचं बोट प्रेसखाली गेलं न्हाय.

मग इंदापुरात उद्योजकांचा मेळावा निघाला. मालकाच्या डोक्यात किडा वळवळला. "आपला रोबो पाव्हण्यांना हार घालंल!" अय्युबभाईची सुट्टी साधून त्यानं हाताला पत्र्याचं धड लावलं, डोकं लावलं, मिशा रंगवल्या, वर फेटा बांधला. अरं, रोबो हाय का नवरदेव? हार घालायला इंदापुरात माणसं कमी पडली हुती व्हय? दिला टेम्पोत घालून.

सकाळी सारजाला म्हणतोय, "मेळावा संपंस्तवर हातानं चालू द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात अय्युबभाई कामावर आला. रिकामी जागा बघितली, सारजाला स्टुलावरनं उठवलं आन मालकापुढं उभा राहिला.

"प्रेस चालायची न्हाय."

"उद्या माल द्यायचा हाय, अय्युब."

"मग तुमी बसा, मालक."

मालक हसला. सगळी शेड बघत हुती, मागं कसा सरंल? बाह्या वर करून स्टुलावर बसला. पत्रा उचलून प्रेसखाली धरला, पाय पायडलवर ठेवला, आन तसाच राहिला. हात बाहेर काढला. परत घातला. परत काढला. पाय काय खाली जाईना.

सारजा आजवर त्याच्यापुढं तोंड उघडून बोललेली न्हवती. ती म्हणली, "दाबा की मालक. जेवायच्या सुट्टीपतुर मी टोपलंभर दाबायची."

मालक उठला. "मेळाव्याच्या जागी फोन लावा, टेम्पो माघारी बोलवा," एवढंच बोलला. सांजच्याला अय्युबभाईचा हात परत आला. त्यानं फेटा, डोकं, धड सगळं खोलून भंगारात फेकलं आन हात प्रेसपुढं जोडला.

लोक म्हणत्यात, मालकाला शरम वाटली. हट्! शरम वाटली असती तर त्यानं सारजाच्या हाताकडं बघितलं असतं. त्यो दिवसभर आपल्याच हाताकडं बघत बसला हुता.