उघाडीला कुलूप

मिठागरावर जन्म गेला की गोष्टी अंगावर मिठासारख्या साठतात. धुतल्या तरी जात नाहीत. शाळेत मी फार गेलेलो नाही, तेव्हा भाषेला नावं ठेवायची असतील तर पुढे वाचू नका.

त्या साली मालकाने मजुरी कमी केली. आम्ही म्हटलं, जुन्या दराने देत असाल तर करतो. सकाळी जाऊन बघतो तर उघाडीला साखळी आणि कुलूप! उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. पाणी नाही तर मीठ नाही, आणि पावसाआधी मीठ निघालं नाही तर वर्षभर घरात खायचे वांधे. माझा शेजारी धर्मा बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "खाडी केवढी, कुलूप केवढं."

*

ठाण्याच्या कोर्टात गेलो, तेव्हा इंग्रजांचा अंमल. साहेब म्हणाला, उचल घेऊन काम सोडणं हा गुन्हा. दार बंद करणं गुन्हा नाही, दार मालकाचं आहे.

धर्माने हात जोडले. "साहेब, मागच्या साली बहिणीच्या लग्नाला गेलेलो, तर मला आत टाकलात. आता मालकच काम करू देत नाही. त्याला किती दिवस?"

शिरस्तेदाराने त्याला बाहेर काढलं.

*

आमचा वकील म्हणाला, रोज जाऊन बसा, नाहीतर मालक म्हणेल हेच काम सोडून गेले. म्हणून रोज उन्हात बांधावर बसायचो. संध्याकाळी बायको विचारायची, आज काय केलंत? कुलूप बघितलं.

*

कुलपावर मालकाने पहारेकरी बसवलेला, खडवलीचा. तोही कंटाळला. एकदा म्हणाला, "जरा कुलपावर लक्ष ठेवा, जेवून येतो."

आणि आम्ही ठेवलं. गाढव कुठले.

*

मग पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी खाडी अडवणारा बांध कोपऱ्यात झिरपायला लागला. दरसाल माती टाकून तो आम्हीच धरायचो. बांध गेला की मिठाचे वाफे गाळाने भरणार. ते वाफे आमच्याच बापजाद्यांनी पायाने तुडवून बसवलेले.

मालक धावत आला, जोडे हातात. "अरे बघता काय, माती टाका!"

सवयच ती, धर्माने टोपली उचललीसुद्धा. कुलपाकडे बघितलं. वाफ्यांकडे बघितलं. मग टोपली हळूच मालकाच्या पायाशी ठेवली.

"मालक, जरा पाण्यावर लक्ष ठेवा. आम्ही जेवून येतो."