मेल पुरे

मेलमध्ये कुणाचा पत्ता नोंदवायचा म्हणून तो कोरा फॉर्म उघडला की माझं डोकंच फिरायचं. हुद्दा, विभाग, वरिष्ठाचं नाव, फॅक्स! माझ्या चुलतसासूला फॅक्स कोण करणार, आणि तिला वरिष्ठ असेल तरी कोण? पेरुंगुडीच्या ऑफिसात मी गिऱ्हाइकांना असले फॉर्म बदलून देते. लेकाचं लग्न ठरलं तेव्हा म्हटलं, आता स्वतःसाठी एक करूच.

एका रविवारी बसले. फॅक्स उडवला, वरिष्ठ उडवला. त्यांच्या जागी 'नातं' आणलं, 'कांदा-लसूण चालतो का' आणलं, आणि 'सध्या कुणाशी बोलत नाही' हेही. ही चौकट दोनदा मोठी करावी लागली. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्या बोलण्यात निम्मं तमिळ आलं, पण रुसवेफुगवे अजून अस्सल मराठी आहेत.

शेवटची चौकट होती 'कसं बोलवायचं'. घरी जाऊन, फोनवर, की मेल पुरे? दर वेळी निवडत कोण बसणार, म्हणून तिथे 'मेल पुरे' आधीच भरून ठेवलं. जिथे वेगळं हवं तिथेच बदलायचं. नव्या नोंदीला हाच फॉर्म उघडेल अशी सोय केली आणि सगळा गोतावळा त्यात भरला. नवरा म्हणाला, पाठवण्याआधी यादी एकदा बघू का? मी त्याला उडवून लावलं. रोजचं काम आहे माझं, मला शिकवतोय! बटण दाबलं आणि पत्रिका गेल्या.

आठवड्याने तांबरमहून आतेबहिणीचा फोन आला. तिची आई, म्हणजे माझी आत्या, म्हणत होती की मेलवर बोलावलेल्यांनी आशीर्वादही मेलवरच पाठवावेत.

मी लगेच यादी उघडून पाहिली. आत्याच्या नोंदीत मी 'मेल पुरे' बदललंच नव्हतं. आमच्यात पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला, घरी जाऊन, कुंकू लावून, हातात अक्षता देऊन. माझी आई लवकर गेली. मला वाढवलं आत्याने. माझ्याहून मोठं असं माहेरचं आता तेवढंच माणूस उरलंय. लेकाच्या डोक्यावर पहिल्या अक्षता तिच्या हातच्या पडल्या नाहीत, तर त्या लग्नात माझं मन कसं लागणार?

पत्रिका तिथेच छापून घेतली आणि तशीच ऑफिसातून निघाले, वाटेत फुलं, कुंकू, अक्षता आणि विड्याची पानं घेतली. तांबरमपर्यंतच्या गर्दीत माफीचं भाषण तीनदा पाठ केलं. आत्याने दार उघडलं, बस म्हणाली, कॉफी आणली. मी कुंकू लावलं, पत्रिका दिली, पाया पडले आणि भाषण सुरू केलं. फॉर्म, चौकट, आधीच भरलेला पर्याय. तिने ते मध्येच थांबवलं. आतल्या खोलीत जाऊन तिने खुंटीवरचा नवा शिवलेला ब्लाउज आणून दाखवला. मेल आला त्याच दिवशी शिंप्याकडे टाकला होता म्हणे.

मी चिडलेच. मग आठवडाभर काही कळवलं का नाहीस, वर असला निरोप कशाला?

"येणार तर मी होतेच गं," ती म्हणाली. "पण येते म्हणून उत्तर पाठवलं असतं, तर तू आली असतीस का?"

कामं किती पडली होती ते मी सांगणार होते, पण तिचं खरं होतं. नसते आले मी.