नळी निवेपर्यंत

गोळी झाडल्यावर नेमबाज दुर्बिणीतून टार्गेटकडे पाहतो. मेजर आधी नळीला हात लावून पाहत. आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात. नळी तापली असेल तर रायफल बाजूला ठेवून ते डोळे मिटून पडून राहत. शेजारच्या लेनवरचे लोक धडाधड गोळ्या झाडत असत. मेजर आपले नळी निवण्याची वाट पाहत.

ते सैन्यात कधीच नव्हते. शिवडीच्या एका गोदामात माल मोजून घेण्याच्या कामावर त्यांची सगळी नोकरी झाली. गिरगावात आमच्या वाडीत, क्रॉससमोरच्या लाकडी जिन्याच्या घरात ते आणि मुलगी लोर्ना राहत. लांब खोळ खांद्याला अडकवून ते रविवारी चर्चमधल्या मासनंतर बाहेर पडत, म्हणून वाडीने त्यांना मेजर केले. समोरचे सावंत गॅलरीतून विचारत, "काय मेजर, आज कुठला वाघ?"

"वाघ नाय रे, कागद. मारला तरी रस्सा होत नाय."

रायफल वडिलांची होती. वडील मुरबाडकडच्या जंगलात शिकारीला जात. पुढे कायद्याने शिकार बंद झाली, काही वर्षांनी वडील गेले आणि परवाना मेजरांच्या नावावर आला. त्यांनी जनावरावर कधी गोळी झाडली नाही. रायफल टू-सेव्हंटी बोअरची. तिचे काडतूस वेगवान. गोळी लांबपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जाते, फारशी खाली येत नाही. शिकाऱ्याला हेच हवे असते. जनावर किती लांब आहे याचा अंदाज थोडा चुकला तरी चालते.

कागदावर चालत नाही, हे मेजरांना पहिल्याच स्पर्धेत कळले. वडिलांच्या मित्राने रायफल शिकारीच्या हिशेबाने लावून दिली होती. शंभर मीटरवर गोळी तीन बोटे वर, अडीचशेवर बरोबर मध्ये. मेजरांनी तीनशे मीटरवर थेट मध्यावर नेम धरला. झाडलेली एकूण एक गोळी चार बोटे खाली लागली, सगळ्या एकमेकींना चिकटून. पूर्ण गुण मिळाले नाहीत. पंचाने टार्गेट हातात दिले तेव्हा ते म्हणाले, "जनावर मेलं असतं. कागद वाचला." हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि स्वतःच पुरेसे हसत.

खरी अडचण वेगळी होती. शिकारीची रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची असते, म्हणून तिची नळी बारीक. तीन गोळ्यांत ती तापते आणि चौथी गोळी भरकटू लागते. स्पर्धेत ठरलेल्या वेळेत दहा गोळ्या झाडाव्या लागतात. मेजर तीन झाडत, थांबत. पुन्हा तीन, पुन्हा थांबत. शिट्टी वाजे तेव्हा दोन-तीन काडतुसे बाकी असत. न झाडलेल्या गोळीचे गुण शून्य. क्लबातले लोक म्हणत, "मेजर, झाडून तरी टाका, कुठंतरी लागेल." ते मान हलवत. "तापलेल्या नळीला सांगून उपयोग नाय. निवू दे."

एका स्पर्धेत दहाच्या दहा गोळ्या वेळेत आणि मध्यात, एवढेच त्यांना हवे होते. पदकाची भाषा त्यांच्या तोंडी नसे. पण काडतुसे परदेशी आणि ती मिळणे बंद झाले होते. कारखान्यात एका घाण्यात निघालेली काडतुसे सारखी उडतात, दुसरी घेतली की नेम पुन्हा लावावा लागतो. त्यांच्याकडे एकाच घाण्यातली थोडी उरली होती. सराव आणि एक स्पर्धा, बस.

त्यांनी जी तोड काढली ती त्यांनाच सुचू शकली असती. थांबायचेच नाही, पहिल्या गोळीपासून सारखे अंतर ठेवायचे, म्हणजे नळी एकाच ऊबेवर राहते. हे अंतर ते प्रार्थनेने मोजत. दोन गोळ्यांच्या मध्ये दोन वेळा 'नमो मारिया', सावकाश. लोर्नाला हे पटले नाही.

"डॅडी, बंदुकीत माऊलीला कशाला ओढतोस?"

"मी फक्त वेळ विचारतो तिला. नेम माझा मीच धरतो."

त्या हिवाळ्यात सरावाला मीच गाडीने त्यांना घेऊन गेलो होतो. शिट्टीआधी दहा गोळ्या झाल्या. सगळ्या बशीएवढ्या जागेत होत्या. मेजरांनी टार्गेट छातीशी धरून घरी आणले आणि सावंतांनाही दाखवले. सावंत म्हणाले, "चला, एकदाचा मेला कागद."

स्पर्धा पुढच्या हिवाळ्यात होती. मध्ये लोकसभेची निवडणूक आली. निवडणुकीआधी परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. खेळाडूला सूट मागता येते. मेजरांनी मागितली नाही. दोन महिन्यांचा तर प्रश्न, म्हणाले. रायफल जमा करून आले आणि निकालाच्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर; दुसऱ्या कोणाला रायफल आणता येईना. सगळा पावसाळा ती ठाण्यात राहिली. काठी टेकत चालता येऊ लागल्यावर ते स्वतः गेले आणि घेऊन आले.

नळी आतून गंजली होती. लोकरीच्या अस्तराच्या खोळीत रायफल बंद राहिली होती आणि लोकरीने चार महिन्यांची ओल धरून ठेवली होती. मेजर कित्येक दिवस खिडकीशी बसून नळी साफ करत होते. गंज निघाला, त्याने पाडलेले खड्डे राहिले; अशा नळीतून गोळी कुठेही जाते. क्लबातले लोक संतापले. "पोलिसांवर तक्रार करा." मी वर्तमानपत्रात, म्हणून मला म्हणाले, "तुमच्या पेपरात येऊ द्या." मेजरांनी नळीतून चिंधी ओढून काढली. चिंधीवरचा तांबडा डाग उजेडात धरून पाहत राहिले.

"या वर्षी राहू दे ना," लोर्ना म्हणाली.

"काडतुसं उरलीत ती कोणाला देऊ?"

स्पर्धेच्या दिवशी ते लेनवर आडवे झाले, तेव्हा डावा हात बसवायला लोर्नाने मदत केली. मी मागे दुर्बिणीशी होतो. पहिली गोळी वर डावीकडे गेली, दुसरी खाली, तिसरी कागदाच्या कडेला. तिसरीलाच त्यांना सगळे कळले असणार. तरी चौथीच्या आधी त्यांचे ओठ हलले; दोन वेळा, सावकाश. पाचवीच्या आधीही. शेवटच्या गोळीपर्यंत त्यांनी अंतर मोडले नाही. शिट्टी नंतर वाजली. पंच नवा होता, मेजरांच्या गोळ्या उरतात हे जुन्या लोकांकडून ऐकून होता. तो हसत पुढे आला. "मेजर, पूर्ण केलंत की!"

"केलं," मेजर म्हणाले आणि उठायला हात पुढे केला.

मेजर त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. दुसरा झटका होता. लोर्नाने परवाना नावावर करून घेतला नाही. रायफल सरकारजमा झाली.

त्या दिवशी स्पर्धेहून परतताना ते पुढच्या सीटवर होते, लोर्ना मागे झोपली होती. भायखळ्याचा पूल उतरताना ते म्हणाले, "जमा करायला गेलो तेव्हा तिथल्या हवालदारानं विचारलं होतं, काका, खोळ काढून ठेवू का, आत ओल धरेल. कोकणातला पोरगा होता, ओल कशी असते त्याला माहीत. मी म्हटलं, हात लावू नको, रायफलवरच्या दुर्बिणीला धक्का लागेल, नेम हलेल."

सिग्नलला गाडी थांबली. ते समोर पाहत होते.

"क्लबातले तुला छाप म्हणतात ना? छापायचं तर हे छाप."