सतरावा नंबर

मी लिहावं की नाही, याचा खूप दिवस विचार केला. आमच्या घरात साधा अर्ज लिहायचा असला तरी दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि दुसऱ्याच वर्षाला लोकांनी वाचावं असं काही लिहायला बसलो, हा आगाऊपणा वाटेल. चुकलं तर माफ करा. पण ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती लिहिणार नाही, आणि ज्यांनी केलं ते तर मुळीच लिहिणार नाहीत.

आमच्या सरकारी शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे, समुद्राच्या बाजूला, नारळी-पोफळीच्या बागा आहेत. त्या बागांच्या मालकांची मुलं माझ्या आधीच व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली होती. शिक्षकांची मुलंही त्याच व्हॅनमध्ये. आमच्या वर्गात उरलो आम्ही, म्हणजे आतल्या गावांतल्या भातशेतीवाल्यांची, नारळ उतरवणाऱ्यांची, बंगल्यांच्या राखणदारांची मुलं. दर वर्षी माहितीचा एक तक्ता भरायचा असे, त्यात पालकांच्या व्यवसायाचा रकाना होता. माझे वडील नारळ उतरवतात. आमच्या शेजारची मुलगी माझ्याच वर्गात होती, तिची आई नागावला एका होमस्टेमध्ये खोल्या झाडायची, चादरी धुवायची. बाईंनी दोघांच्याही पुढे 'इतर' लिहिलं. वर्गात निम्म्याहून जास्त 'इतर'च होते.

शनिवारी होमस्टेला पाहुणे यायचे आणि सोमवारी चादरींचा ढीग पडायचा. वडील नव्हते, म्हणून दोन्ही दिवशी ती आईच्या हाताखाली असायची. गणिताचा जोडतास नेमका शनिवारी. हा तास मंगळवारी घेऊ या, असं कुणाला वाटलं नाही. मलाही सुचलं नाही. बाकी हिशेब तिचा पक्का होता. मांडव्याची बोट किती वाजता, रिक्षाला किती वेळ लागेल, मग पाहुण्यांनी चहा कधी घ्यायचा आणि निघायचं कधी, हे ती चादर झटकता झटकता सांगायची. नववीच्या परीक्षेत मात्र ती गणितात आणि इंग्रजीत जेमतेम काठावर आली.

आमच्या शाळेत 'सतरा नंबर' हे चिडवणं होतं. क्रिकेटमध्ये कुणाचा त्रिफळा उडाला की पोरं ओरडायची, "गेला रे गेला, सतरा नंबर!" दहावीत नापास होईल असं ज्याच्याबद्दल वाटे, त्याच्या हातात शाळा नववीनंतर दाखला द्यायची आणि बाहेरून परीक्षेला बसायला सांगायची. त्यासाठी जो अर्ज भरतात तो सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून बसलेल्यांचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. त्यामुळे आमचा निकाल शंभर टक्के.

नववीचा निकाल लागला त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. माझी आई आणि तिची आई एकाच रिक्षातून आल्या. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, माझ्याकडे पाहून "याचं जमेल" एवढंच म्हटलं. मग तिच्या आईला म्हणाले, "ताई, हिचा सतरा नंबर करू. घरी बसून अभ्यास, शाळेची कटकट नाही. भलं आहे तिचं."

तिच्या आईचा, म्हणजे आमच्या शेजारच्या काकींचा, चेहरा उजळला. "सतरावा? एवढ्या पोरांत सतरावा म्हंजे बराच हाय की ओ सर! मला वाटला होता, शेवटची येल."

बाजूला बसलेले सर खाली बघून हसले. मोठ्या सरांनी चूक सुधारली नाही. "इथं सही करा," म्हणाले. काकींनी अंगठ्याला शाई लावून घेतली.

परत येताना काकींनी रिक्षा थांबवून पेढे घेतले. "घे रे, तुझी मैत्रीण सतरावी आली." ती माझ्याकडे बघत होती. ओठ न हलवल्यासारखं करत म्हणाली, "सांगू नको." मी पेढा खाल्ला. माझी आईही खूश होती, तिलाही फॉर्म-बिर्म ठाऊक नव्हतं. रिक्षात खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

जूनमध्ये काकी तिला नवा गणवेश घालून शाळेत घेऊन गेल्या. हजेरीत नाव नव्हतं. सतरा नंबर म्हणजे काय, ते काकींना तेव्हा कळलं. तिच्यासारखी आणखी सात मुलं त्या वर्षी नव्हती. मी माझ्या वह्या तिला द्यायला चार-पाच वेळा गेलो, मग माझाच अभ्यास वाढला आणि थांबलो. ती पहिल्यांदा दोन विषयांत गेली, दुसऱ्यांदा एकात.

माझ्या निकालानंतर फाटकावर फलक लागला, 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम'. त्यावर माझा फोटो होता. माझ्या वडिलांनी त्या फलकाखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. मला तो फलक फाडावासा वाटत होता, आणि वडिलांकडे बघून फाडवत नव्हता.

कॉलेजात आल्यावर मी त्या फॉर्मची माहिती शोधून वाचली. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना परत परीक्षेला बसता यावं म्हणून तो आहे. चांगली सोय आहे. आमच्या शाळेनं ती शाळेत बसलेल्या मुलांना उठवायला वापरली. वर म्हणायचं, भलं आहे तिचं. कुणाचं भलं? ज्या मुलीला शिकवण्यासाठी पगार मिळतो, तिला न शिकवताच शंभर टक्के कसे होतात? हे मी त्या दिवशी ऑफिसात विचारायला हवं होतं. 'जमेल' म्हणाले होते ना मला, त्यानेच माझं तोंड बंद झालं.

परवा दुपारी कॉलेजच्या कट्ट्यावर होतो. आईचा फोन आला.

"पास झाली रे ती! गणितात एक्केचाळीस. काकी हितंच बसलीय, बोल."

काकींनी फोन घेतला. "काय रे कॉलेजवाल्या, त्या तुझ्या मोठ्या सरला इचार जरा, आता हिचा नंबर कितवा?"

मी कट्ट्यावरून उठून उभा राहिलो.

"गप का? तेव्हा पण गपच होतास," काकी म्हणाल्या, आणि हसल्या. "रविवारी ये. पेढा ठेवलाय तुझा."