साहेबांचे फिश आणि आमचे चिप्स

एका स्वयंपाकघराभोवती चार माणसे वर्षभर वावरली की किस्से आपोआप साठतात, ते कुणी जमवावे लागत नाहीत. पन्नासच्या दशकात चांद्याहून मूल गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा लहानसा कागद कारखाना होता. मी तिथे स्टोअर-क्लार्क. मोडकेतोडके इंग्रजी येई, म्हणून गेस्टहाउसचा दुभाषाही मीच. मशीन बसवायला विलायतेहून एक इंजिनिअर साहेब आले होते आणि त्यांना जेवू घालायला चांद्याचे रहीमचाचा. साहेब वरणभात बघून उठून जायचे. मॅनेजरांनी चाचांना सांगून टाकले होते, मशीन सुरू होईपर्यंत साहेब नीट जेवले नाहीत तर नागपूरहून दुसरा खानसामा येईल. चाचांचे घर या नोकरीवर चालत होते. त्यामुळे त्यांच्यासमोर आम्ही हसत नसू.

*

एकदा साहेबांनी फिश अँड चिप्स मागितले. आमच्या कारखान्यात चिप्स म्हणजे लगद्यासाठी कापलेले बांबूचे तुकडे. चाचांनी ते टोपलीभर मागवून घेतले. संध्याकाळी ताटात भाजलेला रोहू आला. साहेबांनी विचारले, चिप्स कुठे आहेत?

"जळून गेले ना साहेब," चाचा म्हणाले. "त्याच्यावरच तं मासा भाजला."

*

मग मी समजावले, चिप्स बटाट्याचे. चाचांना हायसे वाटले, ते त्यांना येत होते. दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला बसले, तर पुन्हा नुसता मासा. चिप्स अंगणात चादरीवर वाळत होते. अजून दोन दिवस कडक ऊन लागेल, हे साहेबांना सांगायचे काम माझ्याकडे आले.

*

तिसऱ्यांदा साहेब स्वतः चुलीपाशी उभे राहिले. बटाट्याच्या जाड फोडी न वाळवता तळायच्या, मासा भिजवलेल्या मैद्यात बुडवून तळायचा. "म्हंजे भजेच," चाचा म्हणाले, आणि सवयीने त्यांनी मूठभर तिखट घातले. साहेबांनी सगळे खाल्ले, डोळे पुसले आणि दोन दिवस फक्त दूध घेतले. मॅनेजरांनी नागपूरला पत्र टाकले.

*

तिखट काढल्यावर चव जमली, तरी साहेब अर्धेच खायचे. मी कारण विचारले. त्यांच्या गावी हे कागदात गुंडाळून देतात, ताटात त्याची मजा नाही म्हणे. चाचांना ते लागले.

"साहेबाले पुडीत जेवण देऊ? मी काय फुटाणेवाला हाव का?"

*

मशीन सुरू झाले त्या दिवशी नागपूरचा खानसामा ट्रंक घेऊन व्हरांड्यात येऊन बसला होता. मशीनमधून पहिला कागद निघाला. तो फ्रेम करायचा होता. मॅनेजरांनी तो जपून गेस्टहाउसच्या टेबलावर ठेवला आणि ते फोटोवाल्याला आणायला गेले.

परत येऊन बघतात, तर साहेब पायरीवर बसून त्याच कागदातून मासा खात होते. शेवटी हट्ट सोडून चाचांनी पुडी बांधली होती, आणि स्वच्छ कागद म्हणून त्यांना तोच सापडला होता. आता चाचा भिंतीला टेकून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेबांनी शेवटची फोड संपवली, बोटे चाटली, तेलकट कागद उजेडासमोर धरला, उलटसुलट करून पाहिला आणि मॅनेजरांना काहीतरी सांगितले. चाचांना कळावे म्हणून मी ते मोठ्याने मराठीत सांगितले.

"साहेब म्हणतात, कागदात अजून दोष आहे. माशात नाही."